बैठकीचा भाव

दुपारच्या सामसुमीत आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची मूठ खट्‌ करून वाजली, आणि मैथिलीनं मांडीवरचं काम मिटलं. घड्याळ बघायची गरज नव्हती. तीन वाजले होते. तिचे सासरे, आण्णा, दुपारची झोप आटोपून उठले की त्या कपाटाची मूठ धरून घटकाभर तसेच उभे राहायचे आणि मगच बाहेर यायचे. घरातल्या सगळ्यांच्या कानाला त्या आवाजाची सवय झाली होती.

"उठलात का आण्णा? चहा टाकते."

"टाक. अन् त्या जुईला उठव. न्हाईतर शोरूमवाले म्हणतील, गिऱ्हाईक घरी झोपलंय अन् म्हातारा एकटाच आलाय."

गिऱ्हाईक पाच वर्षांचं होतं आणि पालथं पडून झोपलं होतं. मैथिलीनं तिच्या घामेजल्या मानेवर फुंकर घातली. एप्रिलचा शेवट, साताऱ्यात पत्र्यावर पापड भाजावेत असं ऊन. आण्णा मात्र बाहेर आले ते पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा घालून, कपाळ कोरडं ठणठणीत. सगळी कृष्णाई कॉलनी घामानं निथळायची आणि बापूराव साबळे नुकतेच आंघोळ करून आल्यासारखे दिसायचे. निकमकाकू म्हणायच्या, "आण्णांना घामसुद्धा विचारून येतो."

आण्णांनी एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली होती. घाटात, धुक्यात, यात्रेच्या गर्दीत. एकही अपघात नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी विनाअपघात सेवेचा पितळी बिल्ला ते अजून दर रविवारी चिंच लावून घासायचे. पण कॉलनीत त्यांचं खरं नाव झालं ते गेल्या दोन वर्षांत, आणि ते बिल्ल्यामुळे नव्हे.

आधीच्या पिढीला नवी गाडी स्वस्तात पाडायच्या खुब्या ठाऊक होत्या. मार्चअखेरीला जायचं, शेजारच्या शोरूमचा कागद खिशातून अर्धवट दिसेल असा ठेवायचा, सीटकव्हरसाठी अडून बसायचं, आणि सगळं फिसकटायला आलं की "बरं, येतो मग" म्हणत दारापर्यंत सावकाश चालत जायचं. आता त्या खुब्यांना कुणी विचारत नव्हतं. हायवेवर गाडी आपली आपण चालायची, पण घाटात आणि गल्लीबोळात माणूस लागायचाच. दहा वर्षांचा विमा आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीतच धरलेली असायची, त्यामुळे गाडी कुणाच्या हातात जाते आहे याच्याशी कंपनीला मोठं कर्तव्य होतं. म्हणून आता भाव माणसाकडे बघून ठरायचा. बघणारी असायची गाडीची सीट.

त्यातलं शास्त्र साधं होतं आणि साधं असूनही ऐकणारा गप्प व्हावा असं होतं. काळीज दर ठोक्याला रक्त वर फेकतं. बंदूक उडाली की खांद्याला मागं दणका बसतो, तसाच त्या फेकीचा उलटा दणका साऱ्या देहाला बसतो. केसाच्या जाडीइतकाही नसतो तो. आपण जन्मभर, मिनिटाला सत्तर वेळा असे हलत असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. पण सीटच्या कापडात विणलेल्या बारीक तारांना तो कळतो. तुम्ही सदरा घातलेला असो, शाल घेतलेली असो, मांडीवर पिशवी असो, तारा आपलं ऐकत असतात. परीक्षेच्या फेरीत कुत्रं आडवं आलं आणि काळीज उसळून अर्धा तास ठिकाणावर आलं नाही, तर भाव चढा. जागचं हललं नाही, तर सूट. लोकांनी त्याला नाव ठेवलं, बैठकीचा भाव.

मग ओघानंच आलं, की गाडी घ्यायला जाताना घरातला सगळ्यांत शांत माणूस चालवायला न्यायचा. ज्यांच्या घरी तसा माणूस नव्हता त्यांनी आण्णांना न्यायला सुरुवात केली. पहिल्या निकमकाकू. त्यांना सात टक्के सूट मिळाली आणि त्यांनी ती कॉलनीभर सांगितली. त्यानंतर दहा घरं झाली. आण्णा दर वेळी नव्या घराचे काका व्हायचे. कायद्यानं सीटला माणसाची ओळख ठेवायला बंदी होती, नोंद संध्याकाळी पुसली जायची, त्यामुळे यंत्राला आण्णा दर वेळी नवेच. मोबदल्यात ते कंदी पेढ्यांचा एक पुडा घ्यायचे आणि साखरेच्या दुखण्यामुळे स्वतः अर्धाच पेढा खायचे. तोही हल्ली उरायचा. दोन घासांत पोट भरतं म्हणायचे.

आज पहिल्यांदाच ते स्वतःच्या घरासाठी निघाले होते. मैथिलीचा नवरा हृषी कऱ्हाडच्या एका शीतगृहात कामाला होता. त्याची पाळी सुटायची तेव्हा साताऱ्याकडे काही येत नसे, म्हणून आठवड्यातले पाच दिवस तिकडेच खोली घेऊन राहायचा. गाडी आली की तो रोज घरी जेवायला येणार होता. जुईनं त्याच्या पाटाची जागासुद्धा ठरवून ठेवली होती. पूर्ण भावानं गाडी घेणं या वर्षी शक्य नव्हतं, पुढच्या वर्षीही बहुधा नाही. सगळी भिस्त आण्णांच्या काळजावर होती, आणि आण्णा खुशीत होते.

हायवेवरच्या शोरूममधली सानिया मुजावर त्यांना बघून उठून उभी राहिली.

"या आण्णा. आज कुणाचे काका?"

"आज कुणाचा न्हाई. आज घरचाच सासरा."

"मग आज खरं बोलायचं."

"आजवर काय खोटं बोललो? बसलो फक्त."

सानिया हसली. तिला सगळं ठाऊक होतं, पण विक्री तिचीही होत होती. तिनं जुईला मागच्या उजव्या सीटवर बसवलं, मैथिलीला डावीकडे, आणि स्वतः पुढं आण्णांच्या शेजारी बसली. डॅशबोर्डवरच्या पडद्यावर प्रत्येक बैठकीसमोर एक चिमुकला झोपाळा दिसत होता. ज्याचं काळीज जसं चालेल तसा त्याचा झोपाळा हलायचा. लहान मुलांना रमवायला केलेली गंमत होती ती.

"माझा हलतोय," जुई म्हणाली. "आजोबा, तुमचा बंद पडलाय."

"बंद न्हाई गं. माझा दमानं चालतोय."

गाडी यवतेश्वरच्या घाटाला लागली. आण्णा चालवायला लागले की मागं बसणाऱ्याला आपण कुठं वळलो हेच कळायचं नाही. झाडं वळायची, डोंगर वळायचा, खालचा सातारा वळायचा, गाडी आपली सरळ. मैथिली बघत राहिली. सत्तर वर्षांचे ते हात चाकावर नुसते ठेवल्यासारखे दिसत होते.

तिसऱ्या वळणावर समोरून कडब्याचा टेम्पो उतरत आला. त्याच्यावरची निळी ताडपत्री एका बाजूनं सुटली होती. वारा शिरला, ताडपत्री पतंगासारखी उठली आणि येऊन थेट गाडीच्या काचेवर पसरली. एका क्षणात पुढचं सगळं जग निळं झालं. रस्ता नाही, दरी नाही, टेम्पो नाही. जुई किंचाळली. सानियानं दाराची मूठ धरली. मैथिलीचा हात आपोआप जुईच्या छातीवर आडवा गेला. त्या हाताखाली तिला पोरीचं काळीज जाणवलं, मुठीत धरलेल्या चिमणीसारखं.

आण्णांनी ब्रेक दाबला तो इतका अलगद की पुढं कुणी झुकलंसुद्धा नाही. गाडी डाव्या अंगाला डोंगरालगत जाऊन थांबली. टेम्पो हॉर्न देत बाजूनं निघून गेला. आण्णा खाली उतरले, ताडपत्री ओढून काढली, घडी घालून कठड्यावर ठेवली आणि तिच्यावर दगड ठेवला.

"ताडपत्री बांधायचं कळत न्हाई अन् टेम्पो घेत्यात," एवढंच म्हणाले आणि परत बसले.

परतताना जुईला झोप लागली. अर्ध्यात मोडलेली दुपारची झोप तिनं आईच्या दंडावर डोकं टेकून पुरी केली. शोरूमच्या दारात गाडी उभी राहिली तरी ती उठली नाही, म्हणून मैथिलीही तशीच बसून राहिली. पडद्यावर आकडे आले. सानियानं ते एकदा वाचले, मग परत वाचले, मग काच खाली करून आपल्या साहेबांना हाक मारली.

"सत्तावीस टक्के," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आपोआप खाली आला, देवळात येतो तसा. "चार वर्षं आहे मी इथं. सत्तावीस कुणाला लागलेलं बघितलं नाही. आण्णा, काय आहात तुम्ही?"

साहेब आले, दोन पोरी काउंटर सोडून आल्या. सगळे आण्णांकडे बघत होते, आणि आण्णा लग्नात आहेर घेताना बसावं तसे ताठ बसले होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, चालक: अतिशांत. खाली छोट्या अक्षरांत, मागील डावी: अशांत. मागील उजवी: अशांत.

मैथिलीचा जीव आनंदानं भरून आला होता. हृषीला फोन लावायला तिनं हात पर्समध्ये घातला, आणि तिथंच ती थांबली. मागची उजवी म्हणजे जुई. जुई गाढ झोपली होती. तिचं तोंड उघडं होतं, लाळेचा ओघळ मैथिलीच्या बाहीवर उतरला होता. जगात याहून शांत काही असू शकत नव्हतं. आणि तिच्या नावाचा झोपाळा छान उंच झोके घेत होता. आण्णांचा जागचा हलत नव्हता.

"सानिया, ही झोपलीय. ही अशांत कशी?"

"अहो मॅडम, त्याला झोप-जाग काय कळतंय? दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं ते. अंतर कमीजास्त होत राहिलं की अशांत. एकसारखं राहिलं की शांत. झोपाळाही त्यावरच हलतो. त्याचा मूळ शब्द निराळाच आहे म्हणतात. मराठीत कुणीतरी शांत करून ठेवलाय."

ते कुणीतरी मैथिली होती.

यंत्रांच्या पडद्यावरचे शब्द मराठीत आणायचं काम ती घरी बसून करायची. भाषांतर यंत्रच करायचं, तिनं त्यातले खडे निवडायचे. तीन वर्षांपूर्वी, दोन वर्षांची जुई पायाशी खेळत असताना, गाड्यांच्या सीटची एक यादी तिच्याकडे आली होती. कंपनीचं नाव त्यावर नव्हतं. त्यात एक शब्द होता, ज्याचा सरळ अर्थ होता, ठोक्यांतला चढउतार कमी असलेला. चौकटीत मात्र चारपाच अक्षरंच मावत होती. तिनं तासभर विचार केला आणि लिहिलं, शांत. जमलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन तिनं जुईचा पापा घेतला होता.

त्याच वर्षी दुसरी एक यादी आली होती, दवाखान्यांसाठी बनवलेल्या घड्याळांची. त्यातही तोच शब्द होता. तिथं जागा भरपूर होती, म्हणून तिथं तिनं पूर्ण लिहिलं होतं, ठोक्यांतील चढउतार हरवणे. आणि ती ओळ धोक्याच्या खुणांच्या यादीत होती. ती सगळी यादी तिला पाठ होती, कारण एकेका ओळीशी ती झटली होती. जुना मधुमेह. उठल्यावर चक्कर, आधार शोधणे. उकाड्यातही घाम न येणे. दोन घासांत पोट भरणे.

आण्णा कपाट का धरतात, हे तिनं आजवर त्यांना कधी विचारलं नव्हतं.

तिनं मनातल्या मनात मागची सगळी घरं आठवली. तोच माणूस, तोच घाट, बहुतेकदा हीच गाडी. निकमकाकूंना सात. मग नऊ. मग बारा, पंधरा. गेल्या दिवाळीत अठरा. कॉलनीला वाटत होतं आण्णांचा हात बसत चाललाय. यंत्राला ते दर वेळी नवे होते, म्हणून चढती ओळ यंत्रालाही दिसली नव्हती. ती दिसू शकत होती फक्त ज्या घरी पेढ्यांचे पुडे येत त्या घराला.

मराठीत दिवाही शांत होतो. माणूस गेला तरी आपण शांत झाला म्हणतो. शब्द लिहिताना हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सहापर्यंत भाव आहे," सानियानं सहीची काचेची पाटी पुढं केली. "इथं अंगठा टेकवा. चालकाच्या प्रकृतीबद्दल मनात शंका नाही, एवढंच विचारतात."

"आणि वर्षभरात काही निघालं तर?"

"काळजाचं काही निघालं तर सूट परत जाते. पण आण्णांचं काय निघणार?"

मैथिलीनं झोपलेल्या जुईला खांद्यावर घेतलं आणि ती बाहेर कडुनिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. हृषीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. तिनं सगळं सांगितलं. पलीकडे शीतगृहाचे पंखे घोंगावत होते.

"सत्तावीस?" तो म्हणाला.

"हृषी, मी दुसरं काय सांगितलं ते ऐकलंस का?"

"ऐकलं. तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. पण शब्द माझा आहे."

"मग असं कर. आज भाव पक्का कर. आण्णांना सवडीनं दाखवू."

"सवडीनं म्हणजे वर्षानं. त्याआधी दाखवलं आणि निघालं, तर सूट गेली. म्हणजे वर्षभर आपण या घरात काय करायचं? ते उठले, कपाट वाजलं, की ऐकलं नाही असं दाखवायचं?"

"मी रोज घरी आलो असतो," तो एवढंच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग होता, पण कुणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मला माहितीय," ती म्हणाली. खांद्यावरच्या जुईचा श्वास तिच्या मानेला लागत होता. आत, बाहेर. आणि त्या श्वासाच्या चालीनं छातीला टेकलेलं ते छोटं काळीज किंचित लगबगीनं धावायचं, किंचित सैल पडायचं. पाच वर्षं ती या पोरीला छातीशी धरत आली होती. हे तिनं आज पहिल्यांदा ऐकलं.

ती आत आली आणि पाटीवरच्या दुसऱ्या चौकटीवर अंगठा टेकवला. शंका आहे.

सत्तावीस पुसले गेले. त्या जागी साधा भाव आला, आणि कायद्याप्रमाणे आण्णांच्या फोनवर त्यांच्या काळजाची मोहोरबंद नोंद येऊन पडली. आण्णांनी पाटी हातात घेतली, चष्मा वर करून वाचली.

"कुणावर शंका?"

"आण्णा, तुमच्या प्रकृतीबद्दल आहे. मी घरी गेल्यावर नीट..."

"एकतीस वर्षं लोकं माझ्या मागं बसून झोपा काढत गेली," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तिला तो जास्त लागला. "पोटुशा बायका, दुधाची पोरं. कुणी इचारलं न्हाई, तुझं काळीज बरं हाय का. शंका घेणारी तू पहिली."

रिक्षात ते तिच्याशी बोलले नाहीत. जुईनं उठून विचारलं, "गाडी कुठाय?" तेव्हा दोघंही दोन बाजूंनी बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं हृषी आला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. त्यानं चपला काढल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. "आण्णा, चला," म्हणाला. आणि बापाला, जे सुनेनं रात्रभर समजावूनही पटलं नव्हतं, ते मुलाच्या त्या उभ्या राहण्यावरून कळलं. ते निघाले.

डॉक्टर ओसवाल पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी आण्णांची नोंद पाहिली आणि चष्मा काढून पुन्हा पाहिली. मग आण्णांना खुर्चीत बसवून म्हणाल्या, "मी हात वर नेईन तसा श्वास आत. खाली आणीन तसा बाहेर. घाई नाही."

जुई शेजारच्या खुर्चीत चढून बसली आणि आजोबांबरोबर श्वास घ्यायला लागली. डॉक्टर हसल्या. त्यांनी तिच्याही बोटाला एक चिमटा लावला. भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा चालू लागल्या.

मैथिली उभी होती ती खुर्चीवर बसली.

जुईची रेघ म्हणजे लाट होती. श्वास आत गेला की ती फुगून वर चढायची, सुटला की पसरत खाली यायची. एकही झोका आधीच्यासारखा नव्हता. दाराबाहेर कुणी भांडं पाडलं तर रेघ दचकायची, बाबा दिसला की उडी मारायची. आण्णांची रेघ शाळेच्या पट्टीनं आखल्यासारखी होती. श्वास आत, श्वास बाहेर, भांडं पडलं, मुलगा खोलीत आला, रेघ आपली सरळ.

"लोकांना वाटतं चांगलं काळीज घड्याळासारखं चालतं," डॉक्टर म्हणाल्या. "घड्याळासारखं चालतं ते एकटं पडलेलं असतं. मेंदूकडून काळजाकडे दोन दोर येतात, एक हाकणारा, एक आवरणारा. निरोगी माणसात ते दोन्ही सतत कमीजास्त ओढत असतात, प्रत्येक श्वासाला, जन्मापासून. ही पोर बघा. तिचं काळीज तुमच्या-माझ्याशी, या खोलीशी बोलतंय. साखरेनं यांचे दोन्ही दोर हळूहळू कुरतडले. काळीज चालू आहे, पण त्याला कुणाचा निरोप पोचत नाही, आणि त्याचा निरोप यांना येत नाही."

मैथिली त्या लाटेकडे बघत राहिली. पोटात नऊ महिने वाढवलेली, न्हाऊमाखू घातलेली पोर, आणि तिच्या आत हे असं चाललेलं. किती वर्षं, कुणालाही न दाखवता. तिला पडद्याला हात लावावासा वाटला.

नंतर आतल्या खोलीत जेल लावून काळजाचं चित्र काढलं. डॉक्टर त्यातल्या एका पांढुरक्या डागापाशी थांबल्या. "झटका येऊन गेलाय," त्या म्हणाल्या. "जुना आहे, भरून आलाय. छातीत दुखलं असेल."

"कधीच न्हाई," आण्णा म्हणाले.

"दुखायला निरोप यावा लागतो. आणखी एक वाहिनी बुजत आलीय. ती आता उघडता येईल. आज सापडली म्हणून. कधी झालं असेल हे, काही आठवतं?"

"कधी असंल?"

"नक्की सांगता येत नाही. काही वर्षं."

हृषी कागदांवर सह्या करायला गेला. बाहेरच्या बाकावर आण्णा, मैथिली आणि मध्ये जुई. समोरून एक परिचारिका चाकाची खुर्ची ढकलत गेली. आण्णा तिच्या चाकांकडे बघत होते, चालकानं बघावं तसं.

"तुझी सासू गेली," ते म्हणाले, "त्या दिवशी मी चहा प्यालो."

मैथिलीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"तिला न्यायच्या आधी. कुणीतरी कप दिला, मी प्यालो. हात थरथरला न्हाई. छातीत धडधड न्हाई, घाम न्हाई. लोकं म्हणाली, बापूराव खंबीर. मी आपला आत हुडकत बसलोय, काय होतंय का. काहीच होत नव्हतं. मला वाटलं, चाळीस वर्षं जिच्यासंगं काढली ती गेली अन् मी दगड झालो. चार वर्षं हे कुणाला बोललो न्हाई. त्या गाडीच्या सीटनं शाबासकी दिली तवा वाटायचं, हिला बी कळलंय, ह्या माणसाला काळीज न्हाई."

"आण्णा..."

"तो डाग," ते तिचं न ऐकता म्हणाले. "चार वर्षांचा असंल का गं?"

"डॉक्टर म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही."

"हां," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "नको सांगू दे." आणि त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. डोळे भरले होते. ते ओलसर बोटांकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाची असावीत तसे. मग तोच हात त्यांनी सुनेच्या डोक्यावर ठेवला आणि ठेवूनच दिला. कालच्या शंकेबद्दल ते काही बोलले नाहीत. तिलाही बोलायचं नव्हतं. आण्णांच्या मांडीवर पडलेल्या दुसऱ्या हाताची शीर मनगटावर उडत होती, एकसारखी, कुणालाही न विचारता.

जुई इतका वेळ दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. आता ती बाकावर गुडघ्यांवर उभी राहिली, आजोबांच्या सदऱ्याला कान लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिली. आण्णा हलले नाहीत.

तिनं डोकं वर काढलं. कानावर सदऱ्याच्या गुंडीचा गोल वळ उठला होता.

"आई, आजोबांचं काळीज त्यांना काहीच सांगत नाही ना?"

"नाही गं राणी."

"मग मी त्यांना आवडते, हे त्यांना कोण सांगतं?"